एप्रिल ते जून हिमालयात बर्फावरून जाणाऱ्यांसाठी: ॲव्हलान्च (हिमस्खलन) आणि हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडून हिमाचल-उत्तराखंडच्या बॅचेस भरायला लागतात आणि मग तेच तेच प्रश्न यायला लागतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केलेत. बहुतेक जण सह्याद्रीत पक्के तयार झालेले असतात, चालायला दमदार, पण बर्फ पहिल्यांदाच बघणार असतात, म्हणून उत्तरं त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलीत. सोबत लीडर असला तरी वाचा, कारण लीडर अमुक एक गोष्ट का करतोय हे कळलं की त्याचं ऐकावंसं वाटतं आणि तो चुकत असेल तर तेही लक्षात येतं.

एप्रिल-मे म्हणजे उन्हाळा, मग ॲव्हलान्चची भीती कशाला? ते तर जानेवारीत येतात ना?

जानेवारीत येतात आणि एप्रिलमध्येही येतात, फक्त कारण बदलतं. थंडीत मुख्यतः नवीन बर्फाच्या वजनाने आणि वाऱ्याने, वसंतात त्यात ऊन आणि पाणी येऊन मिळतं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास ॲव्हलान्च आला आणि ७ पर्यटक दगावले, ट्रेकर नव्हते ते, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेले साधे लोक होते. २३ एप्रिल २०२१ ला चमोली जिल्ह्यात सुमनाजवळ रस्त्याच्या कामगारांच्या कॅम्पवर आला, त्याआधी बरेच दिवस तिथे बर्फ आणि पाऊस चालू होता. चार हजार मीटरच्या वर मे महिन्यातही सावलीच्या बाजूला हिवाळ्याचा सगळा बर्फ तसाच पडून असतो, खाली मनालीत तुम्ही टीशर्टवर फिरत असलात तरी.

ओला आणि कोरडा ॲव्हलान्च म्हणजे काय? दोन्ही सारखेच धोकादायक का?

कोरड्यामध्ये बहुतेक वेळा बर्फाचा एक अख्खा थर, ज्याला स्लॅब म्हणतात, खालच्या कमजोर थरावरून सुटतो आणि वेगाने खाली येतो. ओल्यामध्ये वितळलेलं पाणी आत झिरपून बर्फाच्या कणांमधली पकड सोडवतं, मग एका बिंदूपासून सुरू होऊन तो खाली पसरत जातो किंवा ओला स्लॅबच निसटतो. ओला हळू येतो म्हणून पळून जाऊ असं काहींना वाटतं, कृपा करून तसं समजू नका. ओला बर्फ एका घनमीटरला चार-पाचशे किलोच्या घरात सहज जातो, तो ढकलतो, गुंडाळतो, नाल्यात नेऊन टाकतो आणि थांबला की घट्ट बसतो, हातही हलवता येत नाही. वसंतात दोन्ही प्रकार होऊ शकतात, रात्री पाच इंच पडला तर सकाळी कोरडा आणि दुपारी ओला असं एकाच दिवसातही होतं.

लीडर रात्री अडीच-तीनला का उठवतो? सहाला निघालं तर काय बिघडतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडं सविस्तर.

वसंतातला बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. गोठला की वरचा थर एकसंध कवच होतो, त्यावर तुम्ही चाललात तरी खालच्या ओल्या बर्फाला धक्का पोचत नाही, बूटही आत जात नाही. सूर्य वर आला की हे कवच वरून मऊ व्हायला लागतं, आधी दोन-चार सेंटीमीटर, मग घोट्यापर्यंत, आणि एकदा पाणी खालपर्यंत गेलं की उताराला धरून ठेवणारं काही राहत नाही. म्हणजे एकच उतार सकाळी सहाला रस्त्यासारखा असतो आणि दुपारी एकला तिथे उभं राहू नये असा होतो. हिमाचलमधल्या सर पासला (पास म्हणजे खिंड) नगारूच्या कॅम्पवरून अंधारातच काढतात ते याच कारणासाठी, सूर्योदय दाखवायला नाही.

आता गणित उलटं करा. पूर्वेकडचा उतार असेल तर एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाच-सहालाच त्यावर ऊन पडतं, तो सगळ्यात आधी बिघडतो. मग दक्षिणेकडचा, मग पश्चिमेकडचा. तुमचा पास चढायला पूर्वेकडून असेल आणि उतरायला पश्चिमेकडून, तर चढ लवकर संपवायलाच हवा, उतारावर थोडी सवलत मिळते. उलटं असेल तर, म्हणजे उतरणच पूर्वेकडची, तर अजून लवकर निघावं लागतं कारण तुम्ही माथ्यावर फोटो काढताय तेव्हा खालचा उतार दोन-तीन तास उन्हात भाजून निघालेला असतो. आयटिनररीत वेळ लिहिलेली असते, पण दिशा कुणी लिहीत नाही, ती नकाशात स्वतः बघा.

रात्री कडाक्याची थंडी वाजली म्हणजे बर्फ गोठला असं धरायचं का?

नाही धरायचं. रात्री बर्फ गोठतो तो फक्त हवेच्या तापमानामुळे नाही, आकाश मोकळं असेल तर बर्फाचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता वर सोडून देतो आणि हवेपेक्षा बराच थंड होतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ गावात चार-पाच डिग्री असताना दवबिंदू गोठतात ना, तसंच. त्यामुळे निरभ्र, कोरड्या रात्री हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फ छान गोठू शकतो. आणि उलट, ढगाळ रात्री तंबूत तुम्ही कुडकुडत असलात तरी ढग ती उष्णता परत खाली पाठवतात, बर्फ गोठतच नाही किंवा वर नुसता पापुद्रा धरतो.

म्हणून रात्री लघवीला उठाल तेव्हा दोन मिनिटं वर बघा. चांदण्या दिसतायत का? किती वाजल्यापासून? पहाटे निघताना बुटाची टाच पूर्ण वजनाने मारा, काठी उलटी धरून मुठीकडून दाबा. कवच बोटभर जाड असेल आणि त्याखाली साखरेसारखा ओला भुसभुशीत लागत असेल तर ते उन्हात अर्ध्या तासात जाणार, वीतभर घट्ट लागलं तर वेळ आहे. दिवसाचा प्लॅन मी या एका गोष्टीवर ठरवेन, कालची रात्र कशी गेली. रात्री ढग होते किंवा पाऊस होता तर वसंतात तो दिवस मोठ्या उतारांचा नाही, तारीख काहीही असो.

मग किती वाजता मागे फिरायचं? अकरा, बारा, एक?

घड्याळातला एक आकडा देणं चुकीचं होईल, पण आदल्या दिवशी एक वेळ ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा आणि मोठे उन्हातले उतार साधारण दहा-अकराच्या आत मागे टाकायचा प्रयत्न करा. त्याच्याही आधी बर्फ स्वतः सांगतो. खडकांच्या बाजूने छोटे गोळे आपोआप घरंगळत यायला लागले, बूट घोट्याच्या वर जायला लागला, शेजारच्या डोंगरावरून कुठेतरी सुटल्याचा आवाज आला, की वेळ संपली. गुडघ्यापर्यंत जात असाल तर खरंतर तुम्ही आधीच उशीर केलाय, सरळ सर्वात जवळच्या धारेवर किंवा सपाटीवर या. पास वीस मिनिटांवर दिसत असेल तरीही.

कुठला उतार धोक्याचा हे बघून कसं ओळखायचं?

बहुतेक ॲव्हलान्च ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. ३० च्या खाली क्वचित, आणि त्याहून फार खड्या भिंतींवर बर्फ साठायच्या आधीच पडत राहतो. फोनमध्ये कोन मोजायचं टूल असतं, काठी उतारावर आडवी ठेवून त्यावर फोन ठेवा, दोन-चारदा केलं की डोळा बसतो. गोम अशी की बर्फात चढायला-घसरायला जो उतार सगळ्यांना आवडतो तो नेमका याच पट्ट्यात येतो.

पण तुम्ही उभे आहात तो उतार सपाट असून भागत नाही, तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर सुटलेलं खाली तुमच्यावरच येणार. झाडं एका बाजूने सोललेली, मोडलेली, किंवा जंगलात मध्येच सरळ पट्टा मोकळा, पायथ्याशी मळकट गोळ्यांचे ढीग, हे सगळे जुने रस्ते आहेत त्याचे. कॅम्पसुद्धा तिथे नको.

आणि इथे सह्याद्रीची सवय सोडावी लागते. आपल्याला नळी म्हणजे वाट, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाचे पाय आपोआप घळीकडे वळतात, दोन्ही बाजूला कातळ असला की सुरक्षित वाटतं. बर्फात नळी ही सर्वात वाईट जागा, दोन्ही बाजूंचा आणि वरचा बर्फ तिथेच गोळा होतो आणि थोडासा ॲव्हलान्चही तिथे माणसाला खोल गाडतो. बर्फात सोंड किंवा धार धरायची, लांब पडली तरी.

उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावरून गेलं तर चालेल ना?

अर्धवट खरं. सावलीचा उतार उशिरा बिघडतो हे बरोबर, पण तिथे हिवाळ्यातले कमजोर थर जास्त दिवस टिकून राहतात आणि वाऱ्याने आणलेला बर्फही तिथे साठलेला असू शकतो. दुसरी गोष्ट, युरोपातल्या आल्प्ससाठी लिहिलेले नियम वाचून बरेच जण येतात, पण मनाली ३२ अक्षांशावर, आल्प्सच्या बरीच दक्षिणेला आहे. डिसेंबरात दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर असतो, उत्तरेकडच्या ३५ अंशांच्या उताराला तो दिसतच नाही. एप्रिलच्या मध्याला तोच सूर्य ६८ अंशांवर असतो, आणि त्याच उतारावर भरदुपारी चांगलं ऊन पडतं. म्हणजे मार्चअखेरीपर्यंत कोरडा राहिलेला सावलीचा बर्फ एप्रिलमध्ये पहिल्यांदा ओला होतो, आणि पहिल्यांदा ओला होतानाचे ते काही दिवस फार नाजूक असतात.

काल रात्री ताजा बर्फ पडला, किती थांबायचं?

निदान एक पूर्ण दिवस, एक फूट किंवा जास्त पडला असेल किंवा वारा सुटला असेल तर दोन किंवा अधिक. लोक बर्फ पडत असताना घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की खूश होऊन निघतात, खरा धोका त्या पहिल्या उन्हात असतो. वाऱ्याचं लक्षात ठेवा, बर्फ पडला नाही तरी वारा एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला स्लॅब बनवून ठेवतो. पाय टाकल्यावर धप्प असा बसल्यासारखा आवाज आला किंवा पायापासून भेग पळाली तर तिथूनच मागे.

हवामानाचा अंदाज कुठे बघायचा? ॲपवर मनालीला २० डिग्री दाखवतंय.

ते मनालीचं आहे, पासचं नाही. साधारण हजार मीटरला साडेसहा डिग्री कमी धरा. मनाली सुमारे दोन हजार मीटर, हामटा पास साधारण ४,२७०, म्हणजे २० चं तिथे पाच-सहा होतं. थंड वाटलं ना? पण ते शून्याच्या वर आहे, म्हणजे पासवरही बर्फ वितळतोय. आकडा असा वाचायचा. काही अंदाजांमध्ये शून्य डिग्रीची उंची थेट देतात, ती दिवसाची आणि रात्रीची दोन्ही बघा.

हवामान खात्याचे शिमला आणि डेहराडूनचे अंदाज रोज बघा, त्यात वेस्टर्न डिस्टर्बन्स हा शब्द शोधा. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणाली हिवाळ्यात जोरात असतात, पण एप्रिल-मेमध्येही येतात आणि एक-दोन दिवसांत पासवर फूटभर टाकून जातात. येतोय म्हटलं की आदल्या दिवशी उंच पातळ ढग, वारा वाढलेला, रात्र उबदार असं दिसायला लागतं. निघताना घेतलेला अंदाज चार दिवसांनी शिळा होतो, वर रेंज नसते, म्हणून खालून कुणीतरी वॉकीटॉकीवर किंवा गावातल्या फोनवर कळवेल अशी सोय आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

ॲव्हलान्चचा वेगळा इशारा मिळतो का? त्यात लेव्हल २ असेल तर जाऊ का?

मिळतो. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते (मनालीची जुनी हिमस्खलन अभ्यास संस्था सासे २०२० मध्ये यातच विलीन झाली), जिल्हावार, उंचीसकट, साधारण पुढच्या २४ तासांसाठी. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामगारांचा कॅम्प गाडला गेला, ५४ जण होते, ८ दगावले, आणि चमोलीसाठी इशारा आदल्या दिवशीच आलेला होता. इशारा आला आणि कामाच्या जागेपर्यंत, कॅम्पपर्यंत पोचला नाही किंवा कुणी मनावर घेतला नाही तर त्याचा काय उपयोग, म्हणून तुम्ही स्वतः बघा.

लेव्हलचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त, पण लेव्हल २ म्हणजे परवानगी नव्हे. तो आकडा अख्ख्या जिल्ह्याचा आहे, तुमच्या समोरच्या उताराचा नाही. जास्त असेल तर मी मोठ्या उतारांवर जाणार नाही, कमी असेल तर वरचे सगळे प्रश्न (रात्र, दिशा, ताजा बर्फ) तरीही विचारेन.

जोरात ओरडलं की ॲव्हलान्च येतो हे खरं का?

नाही. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. माणसाच्या वजनात असते, अडकलेल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ॲव्हलान्च त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या ग्रुपमधल्या कुणीतरीच सुटवलेला असतो. त्यामुळे धोक्याचा पट्टा एकेकट्याने पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून बघत राहायचं. वीस जणांची रांग एकाच उतारावर, पुढच्याच्या पाठीला चिकटून, हे दृश्य दर मे महिन्यात दिसतं आणि बघून पोटात गोळा येतो.

पण आमच्या आधी चाळीस जण त्याच वाटेने गेले, ट्रॅक पडलाय. मग?

ते किती वाजता गेले? सकाळी सहाला गेले असतील तर त्यांचा ट्रॅक तुम्हाला अकरा वाजताची काहीच माहिती देत नाही. आणि स्लॅब एकेचाळिसाव्या माणसालाही सुटतो, थर कुठे पातळ आहे तिथे पाय पडायची वेळ आलेली नसते एवढंच.

दुपारी रोज गडगडाट होतो, त्याचं काय करायचं?

मे-जूनमध्ये दुपारचे ढग, गारा, विजा हे नेहमीचं आहे. ढग फुगत वर चढताना दिसले की धार आणि पास सोडायचा. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं तर तुम्ही पल्ल्यात आहात. खाली या, एकट्या झाडाखाली किंवा कपारीच्या तोंडाशी नको, काठ्या आणि आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) बाजूला ठेवा, एकमेकांपासून लांब बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पहाटे निघायचं हे आणखी एक कारण.

नाल्यावरचा बर्फाचा पूल ओलांडू का?

रुपिनसारख्या ट्रेकवर असे पूल बरेच लागतात. खालून पाणी पोखरत असतं, वरून ऊन, आणि जाडी वरून कळत नाही. सकाळी, गोठलेला असताना, एकेकट्याने, सॅकचे कंबर-छातीचे पट्टे सोडून. मधोमध खड्डा पडलेला, भेगा, काळपट ओला रंग किंवा पाण्याचा आवाज एकदम स्पष्ट येणं, यातलं काही असेल तर वर किंवा खाली दुसरी जागा शोधा. काल बॅच गेली हा पुरावा नाही.

पास उतरताना सगळे बसून घसरत येतात, ते सेफ आहे का?

जागा बरोबर असेल तर ठीक आहे. खाली मोकळी, हळूहळू सपाट होत जाणारी जागा दिसली पाहिजे, दगड, नाला, कडा काही नको. क्रॅम्पॉन किंवा मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली बांधायचे मोठे किंवा छोटे धातूचे दात) आधी काढा, दात बर्फात अडकला की घोटा मोडतो. बर्फ कडक असेल तर घसरू नका, वेग आवरत नाही. आणि मागे ओला बर्फ तुमच्यासोबत वाहत येत असेल तर ताबडतोब बाजूला व्हा.

बीकन, प्रोब, फावडं घ्यायलाच हवं का?

बीकन म्हणजे गाडलेल्याला शोधायला सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब सळई. ग्रुपमध्ये एकट्याकडे बीकन असून काहीच उपयोग नाही, शोधणाऱ्याकडेही हवा. स्की टूरिंग किंवा मार्च-एप्रिलच्या शिखर मोहिमेला प्रत्येकाकडे तिन्ही हवेत आणि सराव हवा. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात म्हणून कंपनी वेगळी असली तरी चालतं, फोन मात्र शोधताना निदान अर्धा मीटर लांब. मेच्या ठरलेल्या ट्रेकला हे कुणाकडे नसतं, तिथे तुमचं संरक्षण म्हणजे वेळ आणि वाट.

कुणी गाडलं गेलं तर पहिलं काय करायचं?

मदतीला खाली पळायचं नाही. शेवटचा दिसला ती जागा डोळ्याने पकडा, वरून अजून काही येत नाही ना बघा, तिथून खाली शोधत या, हात, बूट, सॅक, काठी जे दिसेल ते. बीकन असेल तर सगळ्यांनी शोध मोडवर. पहिल्या दहा मिनिटांत काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते, आणि कुठलंच हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. तोंड-नाक आधी मोकळं करा. हात मोकळे असलेल्या एकाने ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन लावत राहावं. तुम्ही स्वतः सापडलात तर काठ्या टाका, कडेला जायचा प्रयत्न करा, थांबायला लागलं की हात तोंडासमोर.

मग सॅटेलाइट मेसेंजर घेऊन येऊ का? परदेशात सगळे वापरतात.

परवानगीशिवाय भारतात सॅटेलाइट फोन आणि मेसेंजर बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर पकडून केस झालेली माणसं आहेत. अमेरिका-युरोपातून सुट्टीला येणाऱ्या आपल्या लोकांनी खास लक्ष द्या, बॅगेत राहून गेलेलं उपकरणही चालत नाही.

लीडर म्हणतोय जाऊ, मला बरोबर वाटत नाहीये. पैसे भरलेत, काय करू?

दोन प्रश्न शांतपणे सगळ्यांसमोर विचारा, काल रात्री बर्फ गोठला का, आणि उतरणीचा उतार किती वाजता पार होणार. चांगल्या लीडरकडे उत्तरं तयार असतात. नसतील तर कॅम्पवर थांबा, कुणी हसलं तरी.

सगळं नीट गोठलंय, आकाश निरभ्र, पहाटेचे पाच. आता तर शंभर टक्के सेफ ना?

ओल्या ॲव्हलान्चपुरतं बरंच. पण आता तोच बर्फ काचेसारखा कडक आहे आणि पाय सुटला तर थांबणार नाही, अशा वेळी घसरून पडणं हाच मोठा धोका असतो. क्रॅम्पॉन चढ सुरू व्हायच्या आधी सपाटीवर घाला, मध्येच उतारावर उभं राहून नव्हे. आइस ॲक्सने स्वतःला थांबवायचं खाली छोट्या उतारावर निदान दहा-बारा वेळा करून बघितलेलं हवं, उताणं पडून आणि डोकं खाली करूनही. माथ्यावर पोचल्यावर कडेला वाऱ्याने बाहेर आलेला बर्फाचा छज्जा असतो, वरून तो सपाट जमिनीसारखा दिसतो आणि तुटताना तुम्हाला वाटतं त्याच्या बराच मागून तुटतो, तेव्हा खालचा खडक दिसत असेल तिथेच उभे राहा. फोटो काढणाऱ्यालाही सांगा, मागे सरक म्हणू नकोस.